सांधलेली गिटार

माझ्या नावानं छापून आलेल्या एका लेखात एक वाक्य खोटं आहे. ते खोटं आहे हे तिघांना ठाऊक होतं — मला, माझ्या मित्राला आणि त्याच्या वडिलांना. वडील गेल्या वर्षी गेले. आता आम्ही दोघंच. पण त्या वाक्यामागं आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मात्र माझ्या एकट्याकडं आहे. बायकोला सांगितलेली नाही. मित्राला तर नाहीच.

सगळ्यात महत्त्वाचं असेल ते बातमीच्या पहिल्या परिच्छेदात यायला हवं, हे मी नव्या पोरांना कित्येक वर्षं शिकवत आलो. आज माझा स्वतःचा पहिला परिच्छेद संपला आणि ते आलेलं नाही. येईल. जरा लांबून यावं लागेल मला.

नव्वदचं दशक अर्धं झालं होतं. गच्च्यांवरून केबलच्या वायरी लोंबू लागल्या होत्या आणि दिवसभर नुसती गाणी दाखवणारी वाहिनी पुण्यातल्या घराघरांत आली होती. हिंदी पॉपचा मोसम होता. कुणी गायक वाळवंटात गाडीच्या टपावर उभा राहून गायचा. कुणा गायिकेचे केस पंख्याच्या वाऱ्यावर उडत राहायचे, आणि शेजारच्या झाडाचं पानही हलत नसायचं — हे न हलणारं पान कोण आधी शोधतो यावर आमच्या पैजा लागायच्या. हसून हसून पोट दुखायचं. कारण आम्ही रॉकवाले होतो.

आमचा एक सिद्धान्त होता. पॉप म्हणजे पोशाख, रॉक म्हणजे माणूस. पॉपवाला आधी आरशात बघतो आणि मग गातो. रॉकवाल्याच्या घरात आरसा नसतो. आज हे लिहिताना कान गरम होतात, पण तेव्हा आम्ही याच्यावर मनापासून जगत होतो. मी एका मराठी दैनिकात उपसंपादक म्हणून नुकताच लागलो होतो. तरुणांची पुरवणी माझ्याकडं होती आणि शहरातल्या बँडवर मी एक लेखमाला चालवत होतो. तिचा सगळा डोलारा या सिद्धान्तावर उभा. पॉपमध्ये खोटं बोलणं हा धंदा आहे आणि रॉकमध्ये तो गुन्हा आहे, असं मी एका लेखात लिहिलं होतं. छापलेलं आहे ते. नाकारता येणार नाही.

माझ्या अंगात तेव्हा कायम एक जीन्स असायची, दोन्ही गुडघ्यांवर फाटलेली. — अचूक शब्द तो नाही. फाडलेली. कर्वेनगरच्या आमच्या घरात, न्हाणीघराचं दार लावून, वडिलांच्या दाढीच्या ब्लेडनं मी ती फाडली होती आणि मग कडेचे धागे धुण्याच्या दगडावर घासून जुने केले होते. आरसा नसलेल्या माणसानं हे सगळं कुणासाठी केलं? तेव्हा हा प्रश्न मला पडला नाही.

मिलिंद माझ्या कॉलेजातला. तो गिटार वाजवायचा. त्याचे वडील, भालेराव, पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक होते. सरकारी क्वार्टर सोडून त्यांनी धायरीत छोटं घर बांधलं होतं. धायरी तेव्हा निम्मी गाव होती. सिंहगड रस्त्यावरून आत वळलं की एका बाजूला नव्या घरांच्या उघड्या विटा आणि दुसऱ्या बाजूला ज्वारी. मिलिंदच्या बँडचा ड्रमवाला संपत, तिथल्याच एका शेतकरी घरातला. त्याच्या वडिलांनी कोंबड्या पाळणं सोडून दिलं होतं आणि रिकामी शेड पोरांना मिळाली होती. तिथं सराव चालायचा. म्हणून बँडचं नाव ‘पोल्ट्री’. बाकीच्या बँडांची नावं कवट्या, रक्त, विजा अशी असायची. पोल्ट्रीचं नाव पुकारलं की प्रेक्षक आधी हसायचे. मग मिलिंद वाजवायला लागायचा आणि हसू थांबायचं.

मी पहिल्यांदा त्या शेडवर गेलो तेव्हा संपतचे वडील दारात बसले होते. त्यांनी माझे गुडघे बराच वेळ पाहिले.

“काय पावनं, कुत्रं लागलं का?”

“नाही हो. फॅशन आहे.”

“आसंल. आमच्याकडं ह्या फॅशनला इंजेक्शन हाय.”

संपत ड्रमवर डोकं टेकून हसत होता. त्या शेडमध्ये जाळीतून येणारं ऊन, कोंबड्यांचा कधीच न गेलेला वास, पत्र्यावर थरथरणारा आवाज — मला वाटतं, मी इतका सुखी पुन्हा फारसा झालो नाही.

मिलिंदच्या वाजवण्यात एक वेगळंच काही होतं. एकाच स्वरावर त्याची तार अशी भराभर थरथरायची की अंगावर काटा यावा. इतर गिटारवाले कॅसेटी ऐकून वाजवायचे, त्यांच्यात हे नव्हतं. कुठून आलं विचारलं तर म्हणाला, घरातून. त्याचे वडील बेंजो वाजवायचे. टंकयंत्रासारखी बटणं असलेलं ते तारांचं पेटीवजा वाद्य — वस्तीतल्या कार्यक्रमात ऐकलं असेल तुम्ही, कर्ण्यातून दूरवर जाणारा तो आवाज. भालेराव भीमगीतांच्या एका गायन पार्टीत होते. एप्रिल महिन्यात ते घरी क्वचितच सापडायचे. गिटार पहिल्यांदा हातात आली तेव्हा मिलिंदच्या कानात आधीपासून बेंजो होता. वडिलांनीच त्याला बसवून शिकवलं होतं, स्वर कसा थरथरवायचा ते. गिटारही त्यांनीच आणून दिलेली.

आणि मिलिंद स्टेजवर इस्त्रीचा शर्ट घालून यायचा. पांढरा किंवा फिकट निळा, खोचलेला. बाकी सगळे काळ्या बनियनमध्ये आणि हा जणू मुलाखतीला आलेला. आम्ही त्याला छळायचो. तो म्हणायचा, दादांनी इस्त्री करून ठेवलेला असतो, तो ठेवून कसा येणार? वडिलांना तो दादा म्हणायचा.

मग गिटार तुटली. स्वारगेटच्या चौकात. मिलिंद वाटेत लिफ्ट दिलेल्या कुणाच्यातरी मोटारसायकलवर मागं बसला होता, पुढच्या बसनं अचानक ब्रेक मारला, गिटार खांद्यावरून निसटून रस्त्यावर आपटली आणि तिची मान मोडली. मिलिंद दोन दिवस कुणाशी बोलला नाही. रविवारी त्याची परीक्षा होती, म्हणून ती दुरुस्तीला वडील घेऊन निघाले, आणि मी कुठल्याशा उत्साहात म्हणालो, काका, मी येतो बरोबर.

तो प्रवास मला स्वच्छ आठवतो. चादरीत गुंडाळलेली गिटार त्यांनी तान्ह्या मुलासारखी दोन्ही हातांवर धरली होती. बसमध्ये त्यांनी ती मांडीवर घेतली. कसबा पेठेत बस जात नाही, तिथं चालत. गल्ल्यांमधून, तांब्याच्या भांड्यांवरची ठोकठोक ओलांडत, आम्ही एका तंबोरे दुरुस्त करणाऱ्याकडं पोचलो. तो म्हणाला, गिटारीला मी कधी हात लावलेला नाही. भालेराव म्हणाले, मग आज लावा, आम्हाला घाई नाही. आणि खरोखरच आम्ही दुपारभर तिथं बसून राहिलो. त्यानं सरस तापवला, लाकूड जुळवलं, वरून दोरी आवळली. जोड घट्ट बसला, पण मानेवर एक फट दिसत राहिली — केसासारखी, तिरपी. ती पुसून टाकू का, रंग देऊ का, असं त्यानं विचारलं. भालेराव म्हणाले, राहू द्या. मोडलं होतं ते दिसलं तर काही बिघडत नाही.

परत येताना ते मोकळे बोलत होते. गायन पार्टीतल्या गमती सांगत होते. सगळे पांढऱ्या शर्टात आणि काळ्या कोटात गायचे म्हणे, भर एप्रिलच्या उन्हाळ्यातसुद्धा; एक ढोलकीवाला घामानं इतका निथळायचा की त्याच्या बाकाखाली टॉवेल अंथरावा लागे. मी विचारलं, उन्हाळ्यात कोट कशाला? त्यांनी माझ्या गुडघ्यांकडं पाहिलं. रागानं नाही — त्यांच्या नजरेत राग मी कधीच पाहिला नाही.

“अहो, फाटकं घालून आमचे आजोबा-पणजोबा हिंडले. त्यांना ते फाडावं लागलं नव्हतं.”

एवढंच. मग त्यांनी मला उसाचा रस पाजला.

मी हे टिपायला हवं होतं, नाही का? मी तर पत्रकार होतो. बंडखोरीवर लेखमाला चालवत होतो. माझ्याशेजारी बाकावर, हातात रसाचा ग्लास घेऊन, इस्त्रीच्या शर्टात एक माणूस बसला होता आणि मी त्याच्यापलीकडं भिंतीवरची पोस्टरं बघत होतो.

पुढं पोल्ट्रीवर लेख लिहायची वेळ आली. मिलिंदनं मला एकच गोष्ट सांगितली होती — दादांचं नाव येऊ दे, बेंजोचं येऊ दे. मी हो म्हणालो. फोटोसाठी मी त्याचा शर्ट बाहेर काढायला लावला, केस विस्कटले आणि माझी ती जीन्स त्याला घालायला दिली. तो म्हणाला, हे दादांना आवडणार नाही. मी म्हणालो, म्हणूनच तर.

मग लिहायला बसलो. बेंजो लिहिलं आणि खोडलं. गायन पार्टी लिहिलं आणि खोडलं. का? मी स्वतःला सांगितलं, की वाचकाला हे रॉक वाटणार नाही. की मिलिंदला लोक वेगळ्या खणात टाकतील, त्याच्याच भल्याचं आहे. पण खरं सांगू? मलाच ते रॉक वाटत नव्हतं. माझ्या मनातल्या गिटारवाल्याचे वडील असे नव्हते. मुलाला शिकवणारे, इस्त्री करणारे, गिटार मांडीवर घेऊन बसमधून जाणारे वडील मला चालत नव्हते. माझ्या सिद्धान्ताला एक जुलमी बाप लागत होता. आणि गिटारच्या मानेवर ती फट होती. फोटोत स्पष्ट येत होती. तिला काहीतरी कारण द्यायला हवं होतं.

मी लिहिलं: “ज्या दिवशी वडिलांनी संतापून गिटार भिंतीवर आपटली, त्याच दिवशी मिलिंदमधला कलावंत जन्माला आला.”

ते हे वाक्य. आमच्या पुरवणीच्या संपादक बाई जुन्या वळणाच्या होत्या. त्यांनी मजकुरावर पेन्सिल ठेवून विचारलं, वडिलांशी बोललात? दुसरी बाजू घेतलीत? मी हो म्हणालो. बाईंनी पान छपाईला सोडलं.

रविवारी लेख आला. चौकटीत, चांगला मोठा. मिलिंद गावात नव्हता. एका कॉलेजच्या महोत्सवासाठी बँड गोव्याला गेला होता. सोमवारी दुपारी शिपाई सांगत आला, कुणी भालेराव म्हणून भेटायला आलेत.

इथवर मी जे सांगितलं ते तिघांना ठाऊक असलेलं होतं. आता जे आहे ते माझ्याकडचं.

ते बाहेरच्या बाकावर बसले होते. पांढरा शर्ट, बाह्यांवर कडक घडी. पुरवणी त्यांनी चुरगळू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली होती. आधी त्यांनी माझ्या आईवडिलांची चौकशी केली. लेख छान झालाय म्हणाले, फोटोही. मग पिशवीवर हात ठेवून म्हणाले,

“अहो, आपण खुलासा म्हणून काही छापता ना? आमच्या खात्याचा एकदा छापला होता. चार ओळींचा. तेवढा पुरे.”

मी म्हणालो, पुरवणीत खुलासे छापत नाहीत. हेही खरं नव्हतं.

“मग आतल्या पानात छापा. जागेचा माझा आग्रह नाही.” ते म्हणाले, “काय आहे, पार्टीतली माणसं विचारतात. नवी पोरं माझ्याकडं शिकायला येतात, त्यांच्या आया विचारतात. वाद्य फोडणारा माणूस म्हटल्यावर…” वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. “ती फोडली तेव्हा आपण नव्हतात, कारण ती फोडलीच नाही. पण सांधून घेतली तेव्हा तर बरोबर होतात.”

मी जर म्हणालो असतो, काका, चूक झाली — तर काय झालं असतं? बाई ओरडल्या असत्या. लेखमाला कदाचित थांबली असती. माझी नोकरी नवी होती, पण गेली नसती. चार ओळींच्या खुलाशानं कुणाची नोकरी जात नाही. आमच्यात त्याची थट्टा होते दोन दिवस. मी त्या थट्टेला घाबरलो. एवढीच किंमत होती.

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि आवाज खाली आणला.

“काका, ते मिलिंदनंच सांगितलं मला. तसं लिही म्हणाला.”

हे ते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आणि तिथंही मी थांबलो नाही. मी म्हणालो, या क्षेत्रात असं लागतं, सगळेच करतात, त्याच्या करिअरचा प्रश्न आहे. मुंबईची एक कॅसेट कंपनी त्यांना बोलावणार आहे — अशी कुजबुज होती फक्त, मी ती पक्की करून सांगितली. खुलासा आला तर मिलिंद खोटा पडेल. आणि तुम्ही त्याला याबद्दल विचारू नका, त्याला फार अवघड होईल.

आतल्या बाजूला टेलिप्रिंटर खडखडत होता. मग त्यांनी प्लास्टिकची पिशवी घडी घालून काखेत धरली, म्हणाले, “त्याला हवंय ना? मग राहू द्या.” चहा घ्या म्हटलं तर नको म्हणाले. जिन्यात वळताना त्यांनी मला हात जोडले. मीही जोडले.

मिलिंद गोव्याहून आला आणि थेट माझ्याकडं आला. हे का लिहिलंस, म्हणाला. वाचायला बरं वाटतं, मी म्हणालो. त्यानं शिवी दिली आणि तीन-चार आठवडे बोलला नाही. मग एकदा शेडवर भेटला तेव्हा त्यानं विचारलं,

“मी दादांना सांगितलं, हे मी बोललेलो नाही म्हणून. ते म्हणाले, असू दे, मला सगळं कळलंय. काय कळलंय रे त्यांना?”

“कुणास ठाऊक,” मी म्हणालो.

तो खुलाशाचं पत्र द्यायला निघाला होता. दादांनीच अडवलं, म्हणाले, तुझं नुकसान होईल. मिलिंदला त्याचं नवल वाटत होतं. एका घरात दोन माणसं एकमेकांना सांभाळत होती आणि मधे मी घातलेली भिंत होती. मुलगा खरं सांगत होता. बाप ते खोटं धरून त्याला माफ करत होता. मला हे दिसत होतं — इतकं स्वच्छ दिसत होतं. संपतनं ड्रमवर काठ्या आपटल्या आणि सराव सुरू झाला.

कंपनीनं खरंच बोलावलं. माझी थाप खरी निघाली याचा मला आनंद झाला, इतका की थाप होती हे काही दिवस विसरूनही गेलो. मुंबईला जायच्या आदल्या दिवशी मिलिंद हसत हसत सांगत होता, की दादांनी या वेळी शर्टाला इस्त्री केली नाही. विचारलं तर म्हणाले, तुमच्याकडं चुरगळलेलाच लागतो ना? टोमणा नव्हता त्यात, मिलिंद म्हणाला, साधेपणानं विचारलं त्यांनी. मीही हसलो.

कंपनीनं पोल्ट्रीचं नाव बदललं, पोरांना चामड्याची जाकिटं दिली आणि गाणं हिंदीत करायला लावलं. गाण्याचा व्हिडिओ वाहिनीवर लागला. त्यात पांढऱ्या मिशांचा एक नट भिंतीवर गिटार आपटतो. संथ गतीनं. तुकडे उडतात, आणि तुकड्यांबरोबर मिलिंदचे केस — पंख्याच्या वाऱ्यावर. माझं वाक्य. आम्ही ज्याला हसायचो ते सगळं त्यात होतं, फक्त मजकूर माझा होता. तो व्हिडिओ धायरीच्या त्या घरातल्या टीव्हीवरही लागत असणार. मी कधी विचारलं नाही.

कॅसेट चालली नाही. बँड मोडला, भांडण न होता, जसे बहुतेक मोडतात. संपतच्या शेडच्या जागी आज सात मजली सोसायटी आहे. खालच्या दुकानात तो स्वतः बांधकामाचं सामान विकतो. मिलिंदनं संगणकाचा कोर्स केला. शतक संपत आलं होतं, प्रोग्रॅमर मिळत नव्हते, तो बघता बघता अमेरिकेला गेला, आणि काही वर्षांनी परत येऊन हिंजवडीतल्या एका कंपनीत मोठ्या जागेवर बसला. आमची मैत्री टिकली. याचंही मला कधी कधी आश्चर्य वाटतं — पण त्याला ठाऊक होतं ते त्यानं माफ केलं होतं, आणि बाकीचं त्याला ठाऊक नव्हतं.

त्याच्या कंपनीच्या वार्षिक समारंभाला त्यानं मला बोलावलं होतं. वडिलांनाही आणलं होतं. निवृत्त झाले होते ते, थकले होते, पण शर्ट तसाच, बाह्यांवर घडी. आमच्यात एक खुर्ची सोडून बसले. मिलिंद ऑफिसातल्या पोरांच्या बँडबरोबर वाजवणार होता. सूत्रसंचालन करणारी मुलगी उत्साही होती. तिनं कुठूनतरी ती गोष्ट शोधली होती. सगळी सांगितली, भिंत, संताप, तुकडे. आणि मग म्हणाली, ते वडील आज इथं आहेत, टाळ्या होऊन जाऊ द्या. सभागृहात हशा पिकला. प्रेमाचाच होता. स्टेजवर मिलिंद माइककडं झेपावला, पण तोवर भालेराव उठून उभे राहिले होते. त्यांनी मागं वळून सगळ्यांना हात जोडले. हसले. बसले.

मिलिंद माइकवरून म्हणाला, असं काही झालं नव्हतं. लोकांना तो विनय वाटला. पुन्हा टाळ्या. मग त्यानं तीच गिटार उचलली, फटीची, आणि तो थरथरणारा स्वर आला. मी वडिलांकडं पाहिलं. त्यांचा डावा हात मांडीवर होता आणि बोटं हलत होती — नसलेल्या बटणांवर. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्या सगळ्या वर्षांत त्यांनी मला त्या दुपारची आठवण एकदाही करून दिली नाही. पोराचं गुपित माझ्याजवळ आहे, ते मी राखतोय, असं त्यांना वाटत असावं. बहुधा ते माझे आभारीही असावेत.

गेल्या वर्षी ते गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम धायरीतच झाला. वंदना झाली, गायन पार्टीतली म्हातारी माणसं काळे कोट घालून आली होती. फोटोसमोर बेंजो ठेवला होता. लोक जेवायला बसले तेव्हा मिलिंदनं मला बाजूला घेतलं. म्हणाला, दवाखान्यात शेवटच्या दिवसांत दादा एक बोलले, ते मला कळलं नाही. तू मला ओळखतोस, तूच सांग.

“म्हणाले, तू तेव्हा तसं सांगितलंस, त्याचं मी मनात काही ठेवलं नाही हं. मी काय सांगितलं होतं रे त्यांना?”

तो माझ्याकडं पाहत होता. दारात पत्रावळ्या मांडल्या जात होत्या. खरं सांगायला मला एकच वाक्य लागलं असतं.

मी म्हणालो, आजारपणात माणूस काहीही बोलतो.

त्यानं मान हलवली. डोळे पुसले. मला जेवायला बसवलं, शेजारी स्वतः बसला.

पुरवणी केव्हाच बंद झाली. त्या बाई नाहीत. मी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आहे. खुलासा छापायला आता पान नाही, म्हणून तो इथं देतो. चार ओळींत बसवायचा प्रयत्न केला आहे. खुलाशाच्या शेवटी दिलगिरी व्यक्त करायची पद्धत असते. ती ओळ मी लिहिली होती, मग काढली. ती लिहिली की समोरच्यानं काहीतरी म्हणावं अशी अपेक्षा तयार होते.

खुलासा: मिलिंद भालेराव यांची गिटार त्यांच्या वडिलांनी फोडलेली नव्हती. ती स्वारगेटच्या चौकात पडून मोडली, आणि वडिलांनी ती कसबा पेठेत नेऊन सांधून घेतली. प्रस्तुत लेखक तेव्हा त्यांच्याबरोबर होता. वडिलांनी गिटार फोडली, असं मिलिंद यांनी कधीही, कुणालाही सांगितलं नव्हतं. त्यांनी तसं सांगितलं, असं त्यांच्या वडिलांना लेखकानं सांगितलं, आणि वडिलांनी ते शेवटपर्यंत खरं मानलं.